भिलाईतील रेडिओश्रवण
छत्तीसगढमधील भिलाई या पोलादनगरीची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, तेव्हा लोकप्रिय संगीत मुख्यतः रेडिओवरून ऐकले जाई. आकाशवाणीने १९५२ मध्ये चित्रपटगीतांना कात्री लावल्यावर श्रोते लघुलहरींवरील रेडिओ सिलोनकडे वळले होते. तिथला अमीन सयानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम त्याच वर्षीचा. १९५७ मध्ये आकाशवाणीची विविध भारती आली. भिलाईला जवळचे आकाशवाणी केंद्र तेव्हा नागपूरचे होते. रायपूर केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. त्या काळी रेडिओला टपाल खात्याचा परवाना लागे. व्हॉल्व्हचा संच तापल्यावरच आवाज येई. तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणून बांधत. साठच्या दशकात बॅटरीवरील ट्रान्झिस्टर रुळला आणि दिवाणखान्यातले गाणे अंगणात, रस्त्यावर पोचले.