कवचबीजाची कुळकथा

पावसाळा सरला की कोकणात आणि घाटमाथ्यावर कुंपणांवर चढलेला खाजकुइलीचा वेल शेंगांनी लगडतो. शेंग बोटभर लांब, टोकांना वळलेली, अंगावर तांबूस-सोनेरी मखमली लव. ही लव कातडीला लागली की आग आणि खाज थांबता थांबत नाही, म्हणून रानात फिरणारी पोरं ती लांबूनच ओळखतात. शेंगेच्या पोटातून मात्र गुळगुळीत, काळपट बिया निघतात. काष्ठौषधीच्या दुकानात त्यांनाच कवचबीज म्हणतात आणि गिऱ्हाईक त्या बहुधा दबक्या आवाजात मागतं. कामेच्छा वाढवणारे म्हणून जे पदार्थ आपल्याकडे प्रसिद्ध आहेत, त्यांत इतकं जुनं आणि सलग कूळ फार थोड्यांचं आहे. खाण्याने इच्छा खरोखर वाढते का, हा प्रश्न म्हणून हिच्यापासूनच सुरू करावा.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याची चिकित्सा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा. तापाची चिकित्सा त्यानंतर येते. आत्मगुप्ता, कपिकच्छू या नावांनी आपली खाजकुइली चरक-सुश्रुत दोघांकडेही भेटते. सुश्रुत तिच्या बियांचं चूर्ण तालिमखान्याबरोबर साखर घालून धारोष्ण दुधातून घ्यायला सांगतो. पण या प्रकरणांत खरी गर्दी आहे ती उडीद, साठेसाळीचा तांदूळ, दूध, तूप, मध, ऊस, अंडी आणि मांसरसाची. चरकाच्या या अध्यायाचा एक भाग तर उडदाच्या पाल्यावर पोसलेल्या गाईपासूनच सुरू होतो. गाय पहिलारू हवी, चारही सडांची हवी, वासरू जिवंत आणि तिच्याच रंगाचं हवं, शिंगं वर वळलेली, स्वभाव गरीब, दूध दाट. ते दूध तापवून किंवा तसंच, साखर, मध आणि तूप घालून प्यायचं. चरकाची व्याख्याही तशीच आहे: जे गोड, स्निग्ध, शरीर भरून काढणारं, पचायला जड आणि मनाला आनंद देणारं, ते सगळं वृष्य, म्हणजे कामशक्ती वाढवणारं.

हा सगळा पोषणाचा खटाटोप होता आणि त्याचा उघड हेतू संतती हा होता. ज्या काळात एक पाऊस चुकला तर वर्षभर अर्धपोटी राहावं लागे, त्या काळात हा उपाय लागूही पडत असणार, असं मला ठामपणे वाटतं. त्याला एक आधुनिक पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांची कामेच्छा जवळजवळ नाहीशी झाली आणि अन्न पुरेसं मिळू लागल्यावर हळूहळू परतली. उपाशी शरीर प्रजननाचं काम आधी बंद करतं. अशा शरीराला तूप, उडीद आणि दूध हेच वाजीकरण. पोट भरलेल्या माणसाला त्याच तुपाचा तसा उपयोग नाही. उलट वाढलेलं वजन आणि मधुमेह ही आज पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेची मोठी कारणं आहेत.

जुन्या वैद्यांना अन्नाची मर्यादाही ठाऊक होती. क्षय, भय, अविश्वास, शोक यांनी इच्छा मरते आणि हर्ष हा शरीर व मन दोघांच्या बळावर अवलंबून असतो, असं चरक सांगतो. आधी शरीराची शुद्धी, मग योग्य काळी, बेताने औषध, अशी अट आहे. सोळा वर्षांखालच्याने आणि सत्तरीनंतर स्त्रीसंग करू नये, हेही बजावलं आहे. कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणात असेच कित्येक पाठ आहेत. पण शंकास्पद, शरीराला घातक, जीवहत्येतून मिळणारे आणि अपवित्र उपाय वापरू नयेत, अशी ताकीद वात्स्यायन देतो. या परंपरेतली मोठी उणीव मात्र झाकता येत नाही. इथे स्त्री हे पुरुषासाठी उत्तम वाजीकरण आहे, संततीचं बी पेरायचं क्षेत्र आहे. तिची स्वतःची इच्छा कमी झाली तर काय, याला त्या पाठांत जवळजवळ जागाच नाही.

कवचबीजाच्या कुळाला नवं वळण मिळालं ते मद्रासमध्ये. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं. मेंदूत त्याचं डोपामिन होतं. १९६०च्या दशकात तेच एल-डोपा कंपवातावरचं मुख्य औषध ठरलं आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांची कामेच्छा एकाएकी वाढल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. म्हणजे या बीत इच्छेशी नातं असलेलं एक द्रव्य नक्की आहे. पण तोंडावाटे घेतलेल्या एल-डोपाचा बराचसा भाग मेंदूत पोचण्याआधीच खर्ची पडतो. म्हणूनच कंपवाताच्या गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा घालतात. शिवाय जुन्या रीतीत बी दुधात शिजवतात, साल काढतात, वाटून तुपात तळतात. भिजवण्या-शिजवण्याने एल-डोपा घटतं. त्यामुळे वैद्याने अशी केलेली गुटी आणि आजचं कच्चं चूर्ण या एक वस्तू नव्हेत.

माणसांवरचे प्रयोग थोडे आहेत. लखनौच्या संशोधकांनी मूल न होणाऱ्या पुरुषांना रोज ५ ग्रॅम चूर्ण तीन महिने दिलं. शुक्राणूंची संख्या आणि टेस्टोस्टेरॉन वाढल्याचं त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. पण तुलनेला निरोगी पुरुष होते, खोटी पुडी दिलेला गट नव्हता. आणि मोजलं गेलं ते मुख्यतः वीर्य आणि संप्रेरकं. इच्छा वाढते हे त्यावरून सिद्ध होत नाही. इच्छेच्या बाबतीत तर साखरेच्या गोळीनेही अनेकांना फरक जाणवतो, म्हणून असा गट नसलेल्या प्रयोगावर भिस्त ठेवता येत नाही.

लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती अशा जाहिरातींनी भरलेल्या असतात. ‘शुद्ध वनस्पतींच्या’ नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिल हे लैंगिक दुर्बलतेवरचं आधुनिक औषध मिसळलेलं अनेक देशांच्या तपासण्यांत सापडलं आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब अशा पुडीने धोकादायक इतका खाली जाऊ शकतो. तेव्हा थंडीत डिंकाचे, उडदाचे लाडू आवडीने जरूर खा. पण स्त्री असो वा पुरुष, इच्छा महिनोन्‌महिने कमी वाटत असेल, तर पुडी शोधू नका. रक्तातली साखर, थायरॉइड, चालू असलेली औषधं आणि मनाची उदासी तपासून घ्यायला डॉक्टरांकडे जा, आणि त्याआधी घरात जोडीदाराशी मोकळेपणाने बोला.