शिरेबाहेरचें रक्त

बोट कापलें म्हणजे रक्त वाहतें आणि थोड्याच वेळांत साकळतें, हें लहान मूलहि पाहतें. परंतु तेंच रक्त शिरेंत जन्मभर पातळ कां राहतें, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ सतावीत होता. इ. स. १८६३ मध्यें जोसेफ लिस्टर यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें व्याख्यान देऊन त्यावर प्रकाश टाकला. जनावराची रक्तानें भरलेली शीर दोन्ही टोकांस बांधून कापून घेतली, तर आंतील रक्त कित्येक तास पातळ राहतें. तेंच पेल्यांत ओतलें कीं कांहीं मिनिटांत थिजतें. परक्या पृष्ठभागाच्या स्पर्शानेंच साकळण्यास चालना मिळते, असें त्यांनीं दाखविलें.

मग परीक्षेसाठीं रक्त पातळ ठेवावें कसें? १८९० मध्यें आर्थस व पाजेस या संशोधकांनीं फ्रान्समध्यें त्याची युक्ति शोधून काढली. ऑक्झॅलेट घातलें कीं रक्तांतील कॅल्शियम अडकून पडतें व साकळणें थांबतें. कॅल्शियम पुन्हां घालतांच तें सुरू होतें. याच युक्तीवर अमेरिकेंतील आर्मंड क्विक यांनीं १९३५ मध्यें आपली ‘प्रोथ्रॉम्बिन-काल’ परीक्षा उभारली. ऑक्झॅलेट घातलेल्या रक्तांतून पेशी वेगळ्या केल्यावर जो पिवळसर रक्तद्रव उरतो, त्यांत सशाच्या मेंदूचा अर्क व कॅल्शियम घालावयाचें आणि गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजावयाचे, अशी ती रीत होती.

परंतु ठेवून दिलेल्या रक्तद्रवास साकळण्यास उत्तरोत्तर अधिक वेळ लागूं लागला. नमुना शिळा झाला म्हणून तो फेकून देणें सोपें होतें. क्विक यांनीं तसें केलें नाहीं. डायक्युमरॉल या औषधानें मंद झालेला रक्तद्रव त्यांनीं शिळ्या रक्तद्रवांत मिसळला, तों दोन मंद द्रवांचें मिश्रण झटपट साकळलें! एकांत जें उणें होतें, तें दुसऱ्यांत शिल्लक होतें. साठवणींत नाश पावणारा एक निराळा घटक रक्तांत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनीं १९४३ मध्यें मांडला. त्याच वर्षीं जर्मनांच्या ताब्यांत असलेल्या ऑस्लो शहरीं पॉल ओव्रेन हे, लहानपणापासून रक्तस्रावाचा विकार जडलेल्या एका स्त्रीची तपासणी करीत होते. तिच्या रक्तांत नेमका असाच घटक जवळजवळ नव्हता. त्यास ‘पांचवा घटक’ हें नांव मिळालें.

या शोधानें एक धोकाहि उघड केला. जें उणेपण त्या स्त्रीस रोगानें आलें, तेंच निरोगी माणसाच्या रक्तास नुसत्या हयगयीनें येऊं शकतें. आणि कागदावर दोघांचा आंकडा सारखाच दिसतो. म्हणून आज या परीक्षांचे नियम कडक आहेत. ऑक्झॅलेटच्या जागीं आतां सायट्रेट वापरतात, कारण त्यांत हा घटक अधिक टिकतो. नऊ भाग रक्तास एक भाग सायट्रेट हें प्रमाण मोडतां कामा नये. नळी अपुरी भरली तर सायट्रेट वरचढ होऊन साकळण्याचा काल खोटाच लांबतो. नळी जोरानें हलवावयाची नाहीं, हळुवार उलटीसुलटी करावयाची. एकेका घटकाची मोजणी करावयाची असेल, तर रक्तद्रव त्वरित वेगळा करून कांहीं तासांतच तपासावा, अथवा कडक थंडींत गोठवून ठेवावा लागतो.

एखाद्या घरीं शस्त्रक्रिया ठरलेली असते आणि नळी खुणेपर्यंत भरली नाहीं म्हणून परिचारिका दुसऱ्यांदा सुई टोंचावयास येते. रोग्यास तें जाचक वाटतें. परंतु त्या क्षणभराच्या वेदनेनें नसलेला रोग माथीं येण्याचें टळतें, हें घरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.