वलांडीवरची बेगमी

मरोळला समुद्र नाही. जवळून वाहणारी मिठी नदीही विहार-पवईकडून निघून माहीमच्या खाडीला जाते. तरी मुंबईच्या उपनगरांत सुक्या मासळीचा विषय निघाला की पहिले नाव येते मरोळ बाजाराचे. बोंबील, जवळा, करंदी, सोडे, वाकट्या यांचे ढीग लावून बसलेल्या कोळी स्त्रियांकडे आपण गिऱ्हाईक म्हणून जातो. पण हा बाजार कोळी समाजाच्या हवामानविषयक शहाणपणाचा जुना दस्तऐवजही आहे.

पावसाळ्यात समुद्र बंद. आज कायद्याने १ जून ते ३१ जुलै मासेमारीस मनाई आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहण्याचा रिवाज त्याहून कितीतरी जुना. या बिनकमाईच्या दिवसांवर शोधलेला उपाय म्हणजे वाळवण. कार्तिकापासून वैशाखापर्यंत आभाळ कोरडे असते, या भरवशावर ते उभे राहिले. मासळी सुकवण्याच्या धंद्याची नोंद १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरातही सापडते.

बोंबलाच्या अंगात पाणीच फार. बर्फाविना तो काही तासांत नासतो. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबू-दोरांच्या वलांडीवर टांगायची. मीठ लावायचे नाही. ब्रिटिश अमदानीत मिठावर जबर कर होता. ऊन-वाऱ्यावर मात्र कोणाला कर बसवता आला नाही. डोल जाळे टाकायला पुरुष समुद्रावर जात; सुकवणे, साठवणे आणि विकणे बायकांच्या हाती. वलांडीवरचा माल हे त्यांचे भांडवल आणि घराची पावसाळ्याची बेगमी.

तो भरवसा आता डळमळला आहे. २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळामुळे मुंबईत पाऊस पडला. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही वादळे लागोपाठ आली. २०२१च्या १ डिसेंबरलाही शहर भिजले. त्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते मुंबईजवळून गेले, तेव्हा सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस झाला. महिना वैशाख, ऐन बेगमीचा. भिजलेल्या बोंबलाला बुरशी धरते आणि खाण्याचा माल खताच्या भावाने जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०२१मध्ये दाखवून दिले की, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. म्हणजे हे दुर्दैवाचे एखाद-दुसरे वर्ष नाही.

मग मदत कोणत्या मापाने मोजली जाते? क्यार आणि महानंतर राज्य सरकारने ऑगस्ट २०२०मध्ये मच्छीमारांसाठी विशेष मदत जाहीर केली. नौकांची मदत सिलिंडरच्या संख्येनुसार ठरली; मासळी विक्रेत्यांच्या वाट्याला शीतपेट्या आल्या. ताजी मासळी विकणारीला शीतपेटी उपयोगी आहे, पण सुकी मासळी विकणारीने तिचे काय करावे? मार्च २०२२मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा आला. त्यात ऊर्जा, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवा आणि पूर-पाणी अशी सहा क्षेत्रे आहेत. मासेमारी हे स्वतंत्र क्षेत्र नाही. २०११च्या किनारा नियमन अधिसूचनेने मासळी सुकवण्याच्या जागांना मान्यता दिली खरी. पण वर्षाचे काही महिने रिकामे दिसणारे वाळवणाचे मैदान शहराच्या नजरेला मोकळा भूखंडच वाटते.

कोळ्यांना जुळवून घ्यायला शिकवण्याची भाषा म्हणूनच खटकते. जुळवून घेणे त्यांच्या हाडीमाशी आहे. त्यासाठी लागणारी जागा आणि पत मात्र आपण हिरावत आलो. सौर वाळवण यंत्रे आली आहेत, ती कोळीवाड्यांत जरूर यावीत. पण किनाराभर पसरणारा माल एका यंत्रात मावत नाही. त्याआधी साध्या गोष्टी करता येतील: वाळवणाच्या जागा नकाशावर नावानिशी दाखवणे, पावसाचा इशारा नौकांइतकाच वलांडीवाल्या बायकांना वेळेवर देणे, माल झटपट हलवायला उंच जोत्याची, छपराची कोठारे बांधणे.

आणि पुढच्या वादळानंतर पंचनामा होईल, तेव्हा होडी आणि जाळ्याखाली आणखी एक ओळ हवी: वलांडीवरचा माल, किती किलो, कोणत्या बाईचा.