खाणकामगारांची दगडी घरे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिका म्हटली की गगनचुंबी इमारती डोळ्यांसमोर येतात. पण त्या देशाच्या मध्यपश्चिम भागातल्या खेड्यापाड्यांतही जुन्या घरांचा मोठा ठेवा आहे. विस्कॉन्सिन राज्यातील आयोवा काउंटी हे त्याचे उत्तम उदाहरण. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. शेजारच्या आयोवा राज्याशी मात्र हिची गल्लत करू नये.

या काउंटीत मिनरल पॉइंट नावाचे, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. १८२०च्या दशकाच्या अखेरीस येथे जमिनीत वरवरच शिसे सापडू लागले आणि माणसांची रीघ लागली. सुरुवातीचे खाणकामगार टेकडीच्या उतारावर खड्डे खणून, वर छप्पर टाकून राहत. बिळात राहणाऱ्या बॅजर या प्राण्याचे नाव त्यांना चिकटले. पुढे ते साऱ्या राज्याचेच टोपणनाव झाले.

वरवरचे शिसे संपत आले, तेव्हा खोल खणण्याचे कसब असणाऱ्यांची गरज भासली. हे कसब इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या लोकांकडे होते. पिढ्यान्‌पिढ्या ते कथील आणि तांब्याच्या खाणींत राबत आले होते. १८३०च्या दशकापासून ते येथे येऊ लागले. येताना त्यांनी गवंडीकामही आणले. जवळच चुनखडीचा दगड मुबलक होता. त्यांनी टेकडीच्या कुशीत छोटी, जाड भिंतींची घरे उभारली. रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीला घडीव, चौकोनी दगड आणि बाजूच्या भिंतींना अनघड दगड, ही त्यांची पद्धत. मेहनत आणि पैसा जिथे दिसेल तिथेच खर्च करायचा, हा गरीब माणसाचा व्यवहार त्या भिंतींत आजही वाचता येतो.

पण १८४९ साली कॅलिफोर्नियातील सोन्याने अनेकांना ओढून नेले. शिशाचे दिवस सरले. पुढे जस्ताने गावाला काही काळ हात दिला. तोही उद्योग ओसरला. १९३०च्या दशकातील मंदीत ही घरे पडू लागली. ती पाडून त्यांचा दगड दुसरीकडे वापरला जाऊ लागला. खाणकामगाराच्या दोन खोल्यांना कोण वारसा म्हणणार?

ते म्हणणारे दोघे निघाले. याच गावचे रॉबर्ट नील आणि त्यांचे सोबती एडगर हेलम. १९३५ साली त्यांनी एक मोडकळीला आलेले घर विकत घेतले, स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले आणि त्याला ‘पेंडार्व्हिस’ हे कॉर्निश नाव दिले. मग शेजारची घरेही घेतली. खर्च निघावा म्हणून तेथेच भोजनगृह चालवले. मांस-बटाट्याचे सारण भरलेली कॉर्निश ‘पेस्टी’ खायला लांबून लोक येऊ लागले. १९७० साली ही घरे राज्याच्या इतिहास संस्थेकडे गेली. १९७१ साली गावाच्या जुन्या भागाची राष्ट्रीय नोंदवहीत ऐतिहासिक परिसर म्हणून नोंद झाली.

याच काउंटीच्या उत्तर टोकाला विस्कॉन्सिन नदीजवळ जगप्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचे ‘टॅलिएसिन’ हे घर आहे. आईकडून वेल्श वंशाच्या राइट यांनी ते १९११ साली आजोळच्या खोऱ्यात बांधले. १९१४ साली एका नोकराने घराला आग लावून सात जणांचा बळी घेतला. १९२५ साली पुन्हा आग लागली. दोन्ही वेळा राइट यांनी ते नव्याने उभारले. दगड स्थानिकच, आणि खाणीत थरांवर थर दिसतात तसाच रचलेला. २०१९ साली युनेस्कोने राइट यांच्या आठ वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत टॅलिएसिन आहे.

दोन्ही ठिकाणी दगड त्याच मातीतला. एक घर थोर कलावंताचे, म्हणून ते टिकवावे असे जगाला सहज पटले. दुसरी घरे अनामिक मजुरांची. ती टिकली, कारण दोन माणसांना त्यांची किंमत वेळेवर कळली. काही वर्षे उशीर झाला असता, तर इतिहासात फक्त शिसे उरले असते. ते काढणारी माणसे कशी राहत होती, हे सांगायला एक भिंतही उरली नसती.