जेलमधून सुटून माणूस गावात परत येतो तेव्हा... काय हक्क, कुठं मिळते मदत? वाचा सविस्तर

साखरा (ता. सेनगाव) : शिक्षा संपली की कोर्टाचं काम संपतं. घरच्यांचं अवघड काम तिथून पुढं सुरू होतं. सुटून आलेल्या माणसाला मजुरीला कोण सांगणार, पोरांना शाळेत कोणी काही बोललं तर काय, बंद पडलेले कागद कुठून चालू करायचे, हे प्रश्न दारातच उभे असतात. म्हणून ही माहिती.

कच्चा कैदी म्हणजे गुन्हेगार नाही
ज्याचा खटला अजून चालू आहे, तो कच्चा कैदी. त्याचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाची तरतूद आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यासाठी ही मुदत एक तृतीयांश आहे. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असलेल्याला ही सवलत नाही.

पैसे नाहीत म्हणून आत?
जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी सुटका अडते. त्यासाठी केंद्राची 2023 पासून गरीब कैदी सहाय्य योजना आहे. पात्र कच्च्या कैद्याला जामिनासाठी, तर दंड न भरल्यामुळं अडकलेल्या शिक्षेच्या कैद्याला 25 हजारांपर्यंत मदत मिळू शकते. कोठडीतल्या माणसाला वकीलही फुकट मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा 15100 वर फोन लावावा.

रजेवर आला म्हणजे पळून आला नव्हे
शिक्षेच्या कैद्याला नियमानुसार संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) मिळते. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरत नाहीत. रजेआधी पोलीस गावात चौकशी करतात, जामीनदार मागतात. तेव्हा जे खरं असेल तेच सांगावं. जुन्या भांडणाचा राग तिथं काढू नये. रजा संपल्यावर वेळेत हजर होणं मात्र कैद्याचीच जबाबदारी. उशीर केला तर पुढची रजा अडते, नवीन गुन्हाही दाखल होऊ शकतो.

सुटल्यावर काय काय शाबूत राहतं?
शिक्षा झाली म्हणून सातबाऱ्यावरचं नाव आपोआप कमी होत नाही. जेलमध्ये असताना मतदान करता येत नाही, सुटल्यावर येतं. त्यामुळं मतदार यादीत नाव आहे का, राशन कार्डाची केवायसी राहिली का, आधार आणि बँक खातं चालू आहे का, हे आल्या आल्या तपासावं. सुटकेचा कागद जपून ठेवावा.

जातीच्या किंवा समाजाच्या पंचायतीनं कुटुंबाला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कार कायद्याखाली तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

विश्वास टाकला तर माणूस उभा राहतो
आटपाडीजवळ (जि. सांगली) स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. औंध संस्थानानं ती 1939 मध्ये सुरू केली. तिथं कैदी बायका-पोरांसह राहून शेती करतात. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून निघाला. आपल्या मराठवाड्यात पैठणला खुलं कारागृह आहे, तिथंही कैदी शेतात राबतात.

कैद्यांच्या हाती शेत आणि अवजारं देऊन ही वसाहत इतकी वर्षं चालू आहे. गावाला तर एवढंही करायचं नाही. पेरणीला, काढणीला इतरांना सांगतो तसं त्यालाही कामाला सांगावं, आणि बापाच्या गुन्ह्याचा हिशोब पोरांकडं मागू नये. ज्याच्यावर अन्याय झाला त्या घराचं दुःख विसरावं असं कोणी म्हणत नाही. पण हाताला काम आणि घराला आधार मिळाला, तर तो माणूस परत त्याच वाटेला जाण्याची शक्यता कमी होते. त्यात सगळ्या गावाचंच भलं आहे.