माथेरानची शांतता

काही वर्षांमागे आमच्या मंडळाच्या काही भगिनी माथेरानच्या सहलीस गेल्या होत्या. त्यांत मीही होते. दस्तुरी नाक्यावर मोटार थांबली. पुढे तांबड्या मातीची वाट, माथ्यावर गर्द झाडी आणि भोंग्याचे नाव नाही! आम्हां चांदवडकरांच्या कानांना मुंबई-आग्रा रस्त्याची घरघर रोजची; तेव्हा ही शांतता नवलाचीच वाटली. ती कशी टिकली, याचा शोध घेतला तो येथे थोडक्यात सांगते.

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा या डोंगरावर चढला. मुंबईच्या उन्हाने कासावीस झालेल्या गोऱ्या साहेबांना येथील हवा मानवली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पुढाकार घेतला आणि बंगले उठले. शार्लट, लुईझा, अलेक्झांडर ही नावे तळ्याला व कड्यांना चिकटली ती आजतागायत आहेत. मॅलेटने माथेरान शोधले, असे पुस्तकांत म्हणतात. परंतु ठाकर, कातकरी, धनगर यांची वहिवाट त्या रानात होतीच. त्यांना ते कधी हरवलेच नव्हते!

मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून वर जाणारी, अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी बांधली. १९०७ साली ती सुरू झाली. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उखडला, तो २००७ मध्ये पुन्हा चालू झाला. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरविले. गावात मोटारींना बंदी, म्हणून झाडी राहिली आणि पाहुणेही वाढले.

पण मोटार नाही, तर ओझे कोण वाहणार? घोडे, हमाल आणि हातरिक्षा. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी रिक्षात बसले. चढावर एक जण पुढून ओढी, दुसरा मागून रेटी. पुढचा माझ्या मुलाच्या वयाचा होता. उतरताना त्याच्याकडे मान वर करून पाहवेना. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला, हे वाचून मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

याच माथेरानात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, जन्मले. वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात 'आझाद दस्ता' उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. लुईझा कोण, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. भाई कोण, हे विचारणारे किती?

भगिनींनो, आपल्या गावीही होळकरांचा रंगमहाल आहे. पाहुण्यांना आपण अहिल्याबाईंचे पुण्य सांगतो, ते सांगावेच. पण ते लाकूड कोणी कोरले, ते दगड कोणी वाहिले, हेही मुलांना विचारायला शिकवू या. जुने जपायचे, तर त्याखाली वाकलेल्या पाठींसकट जपले पाहिजे.