सुरुंगग्रस्त वाहनांतील गुप्त हानी : तपासणीच्या पद्धतीचा इतिहास

स्फोटाने वाहनाची होणारी हानी दोन प्रकारची असते. फुटलेले चाक, फाटलेला पत्रा, जळालेले इंजिन ही दृश्य हानी होय. तिच्याविषयी सहसा मतभेद होत नाही. वेल्डिंगच्या सांध्यातील केसासारखा तडा, ताणला गेलेला बोल्ट, किंचित वाकलेला सांगाडा ही गुप्त हानी होय. पूर्ण मोडलेले वाहन भंगारात जाते. परंतु वरवर धड दिसणारे वाहन पुन्हा रस्त्यावर येते आणि पुढील चालकाचा जीव धोक्यात घालते. या दृष्टीने पाहता, अशा तपासणीचा इतिहास हा केवळ डोळ्यांवर विसंबून न राहण्यास शिकण्याचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. जर्मन ‘टेलर’ सुरुंगात सुमारे साडेपाच किलोग्रॅम स्फोटक असे. रणगाड्याचा पट्टा तोडण्यास ते पुरेसे होते. जीप किंवा मालट्रक यांचा तर त्यापुढे पाडच नव्हता. म्हणून वाहनाच्या तळावर वाळूच्या पिशव्या अंथरण्याचा उपाय योजला जाई. याच काळात, ब्रिटिश सैन्यात १९४२ साली व हिंदी सैन्यात १९४३ साली, विद्युत व यांत्रिक अभियंत्यांची स्वतंत्र दले स्थापन झाली. किरकोळ दुरुस्ती आघाडीजवळ व संपूर्ण दुरुस्ती पिछाडीच्या तळावर, अशी कामाची वाटणी रूढ झाली. महाराष्ट्रात खडकी येथील ५१२ क्रमांकाची तळ-कार्यशाळा या व्यवस्थेतील होय. सुटे भाग व साहित्य पुरविणे हे ऑर्डनन्स भांडारांचे काम. मुंबईच्या उपनगरांतील कांदिवलीचे केंद्रीय भांडार त्यांपैकीच एक. या वाटणीमुळे प्रत्यक्ष जागेवरील तपासनिसापुढे तीन पर्याय राहिले : वाहन तसेच चालू द्यावे, जागीच दुरुस्त करावे, किंवा मागे पाठवावे. चुकीच्या निवडीची किंमत मात्र दुसऱ्यालाच मोजावी लागे.

गुप्त हानी का होते, याचे कारण स्फोटाच्या स्वरूपात आहे. सुरुंगाचा दाब काही सहस्रांश सेकंदांत तळाच्या पत्र्यावर आदळतो. पत्रा वर उचलला जातो, आणि तो ज्या सांध्यांनी जखडलेला असतो त्यांवर ताण एकवटतो. वेल्डिंगलगतचे पोलाद उष्णतेने आधीच कठीण व ठिसूळ झालेले असल्याने तडा बहुधा तेथेच जातो. चाकाखाली झालेल्या स्फोटाचा धक्का अॅक्सल, बेअरिंग व सुकाणूचे दांडे यांतून पुढे जातो. ब्रेकची नळी चेपते पण लगेच गळत नाही. पुढे कधीतरी उतारावर ब्रेकवर जोराने पाय पडताच ती फुटते.

जागेवरील तपासणीची साधने साधीच होती. आसपास दुसरा सुरुंग नाही याची खात्री करून बॅटरीची जोडणी तोडावयाची, चिखल धुऊन काढावयाचा, आणि मग सांगाड्याचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावयाचे. त्यांत तफावत आढळली तर सांगाडा मुरडला आहे असे समजावयाचे. रंगाचे पोपडे कोठे सुटले, बोल्टाखालची चकती कोठे सरकली, हे पाहावयाचे. हातोडीच्या ठोक्याने धड भाग खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. रेल्वेच्या कारखान्यांतील जुनी रीतही उपयोगी पडे : अॅक्सलला तेल लावून पुसावयाचे व वर खडूची पूड फासावयाची, तड्यात मुरलेले तेल पुडीवर रेघ उमटविते. १९४० च्या दशकात प्रचारात आलेली भेदक रंगद्रव्यांची परीक्षा याच तत्त्वावर आधारलेली आहे. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी धातूच्या पोटातील दोषही पुढे कळू लागला.

हाच प्रश्न पुढे मुंबईच्या उपनगरांत नागरी वाहनांच्या बाबतीत उभा राहिला. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बसमध्ये, १३ मार्च २००३ रोजी मुलुंडला लोकलमध्ये, आणि ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत स्फोट झाले. या शेवटच्या घटनेत जोगेश्वरी व बोरिवली येथील गाड्या होत्या आणि १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सुरुंगाचा आघात खालून येतो. येथे तो डब्याच्या आतून आला. दाब उघड्या दारांतून, छपरातून व बाजूंतून बाहेर पडतो आणि पाहणाऱ्याची नजर फाटलेल्या पत्र्यावरच खिळते. गाडीचा भार मात्र खालचा सांगाडा, बोगी व चाके पेलतात. लष्करी अनुभवाचा धडा येथेही लागू पडतो : तपासणीचा क्रम जेथे हानी अधिक दिसते तेथून ठरवू नये, तर ज्या भागाच्या मोडण्याने माणसे मरतील त्या भागापासून ठरवावा. गुन्ह्याच्या तपासात यास एक बंधन पडते. स्फोटकाचे अवशेष कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पाठवावयाचे असल्याने नमुने घेण्यापूर्वी वाहन धुता येत नाही. आणि धुतल्यावाचून तडे दिसत नाहीत. यास्तव आधी पुरावा, मग पाणी, असाच क्रम ठेवावा लागतो.

१९७० च्या दशकात आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा तळ असलेली वाहने तयार झाली. हा आकार दाब बाजूंस वळवितो. गडचिरोलीत पोलिसांकडेही सुरुंगरोधक वाहने आली. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस व चालक मारले गेले, ते मात्र साध्या खाजगी वाहनात होते. सुरुंगरोधक वाहनाने गुप्त हानीचा प्रश्न मिटविला नाही. उलट तो अधिक सूक्ष्म केला. धक्का शोषून घेणारे आसन एकदा दबले की त्याचे सामर्थ्य संपते, जरी गादी नव्यासारखी दिसत असली तरी. ज्या वाहनाने आतील माणसे वाचविली, त्याच्याविषयी विश्वास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, त्याच वाहनाची तपासणी सर्वांत कठोर असावयास हवी; कारण एका आघातात त्याचे किती बळ खर्ची पडले, हे त्याच्या बाह्यरूपावरून कळत नाही.